अकरा फाइली आणि एक झेरॉक्स : श्रावणबाळ योजनेतील फसवणुकीचे एक प्रकरण

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत वय वाढवून लाभ घेतल्याचे नागपूर शहरातील एक प्रकरण येथे पहिल्या संशयापासून न्यायालयात आरोप निश्चित होईपर्यंत मांडले आहे. प्रकरणातील माणसे, फाइली आणि घटनाक्रम अभ्यासासाठी रचलेला असून तो कोणत्याही एका प्रत्यक्ष गुन्ह्याचे किंवा कार्यालयाचे वर्णन नाही. योजनेच्या अटी, कायद्याची कलमे आणि न्यायालयांचे निकाल मात्र प्रत्यक्षातलेच आहेत. अशा गुन्ह्यांत पोलिसांचा तपास कच्चा राहिला असे सर्रास म्हटले जाते. माझे मत वेगळे आहे. कोणाला आरोपी करायचे, कोणाला साक्षीदार ठेवायचे आणि कोणता कागद नेमका कशामुळे खोटा ठरतो, हे प्रश्न महसूल खात्याच्या टेबलावर असतानाच सुटायला हवेत. ते तिथे सुटले नाहीत, तर पुढची यंत्रणा कितीही धावली तरी खटला पांगळाच राहतो.

योजनेच्या अटी थोडक्यात अशा आहेत. अर्जदाराचे वय ६५ किंवा त्याहून अधिक असावे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे. अर्ज तहसील कार्यालयात येतो, तलाठी स्थानिक चौकशी करून अहवाल देतो, प्रकरण मंजुरी देणाऱ्या समितीपुढे जाते आणि मंजुरीनंतर दरमहा रक्कम खात्यात जमा होते. जुलै २०२३ पासून ही रक्कम १,५०० रुपये आहे. लाभार्थ्याने दरवर्षी हयातीचा दाखला द्यावयाचा असतो. यातील उत्पन्नाच्या अटीबद्दल एक गोष्ट आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढे तिचे सावट सगळ्या खटल्यावर पडलेले दिसेल. वर्षाला २१,००० म्हणजे संपूर्ण कुटुंबामागे दिवसाला अठ्ठावन्न रुपयांहूनही कमी. कळमना बाजारात हमाली करणाऱ्याच्या किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या घरात यापेक्षा जास्त पैसे येतातच, नाहीतर ते घर जगणार नाही. तरीही २१,००० चा दाखला मागितला जातो आणि दिला जातो. या दाखल्याच्या खरेपणाची चर्चा संबंधित खाते स्वतःहून सहसा काढत नाही, कारण तो धागा ओढला तर खऱ्याखुऱ्या गरजूंच्याही फाइली उसवतील.

मार्च २०२५ मध्ये लाभ डीबीटी पद्धतीने थेट खात्यात जमा करण्यासाठी लाभार्थ्यांची आधार आणि मोबाइल क्रमांकाची माहिती भरून घेण्याचे काम सुरू होते. पूर्व नागपुरातील एका वस्तीतून आलेल्या बाईंनी आपले मूळ आधार कार्ड लिपिकापुढे ठेवले. कार्डावर जन्माचे वर्ष १९६७ होते. लिपिकाने नोंद जुळवण्यासाठी फाइल उघडली, तर २०२३ च्या अर्जासोबत जोडलेल्या त्याच आधार क्रमांकाच्या झेरॉक्सवर वर्ष १९५६ होते. झेरॉक्सवर अर्जदाराचा अंगठा आणि ‘सत्यप्रत’ असे लिहिलेले होते. लिपिक चौकस निघाला. त्याने त्याच समिती बैठकीत मंजूर झालेल्या फाइली काढून पाहिल्या, तेव्हा एकाच हस्ताक्षरात भरलेले अकरा अर्ज सापडले. त्यांतील चार अर्जांवर एकच मोबाइल क्रमांक होता आणि अकराही स्थळपाहणी अहवालांवर तलाठ्याची एकच तारीख होती, जरी पत्ते शहराच्या तीन वेगवेगळ्या भागांतले होते. सर्वांना ऑक्टोबर २०२३ पासून फेब्रुवारी २०२५ पर्यंत सतरा महिने रक्कम मिळाली होती. प्रत्येकी २५,५०० आणि एकूण २,८०,५०० रुपये.

रक्कम फार मोठी नाही आणि तिथेच अशा प्रकरणांची पहिली अडचण असते. राज्य पातळीवर हजारो-लाखो खात्यांचा प्रश्न निघतो, तेव्हा खटले भरणे शक्यच नसते. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत २०२५ च्या मध्यावर २६.३४ लाख लाभार्थ्यांचा लाभ पडताळणीसाठी थांबवण्यात आला, त्या प्रमाणावर फौजदारी न्यायालयांचा विचारही करता येत नाही. म्हणून खात्याचा स्वभाव आधी पैसे थांबवण्याचा, मग वसूल करण्याचा आणि गुन्हा शेवटी दाखल करण्याचा असतो. हा स्वभाव चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. पण जिथे अकरा अर्जांमागे एकच हात दिसतो, तिथे हाच क्रम घातक ठरतो, आणि या प्रकरणात तो ठरला.

कार्यालयातले नऊ महिने

प्रकरण कळताच अकराही जणांचा लाभ तोंडी आदेशाने बंद झाला. नोटिसा नंतर निघाल्या. वास्तविक आधी कारणे दाखवा नोटीस, मग सुनावणी आणि मग लेखी आदेश असा क्रम असता, तर सुनावणीत अकरा जणांची म्हणणी नोंदवली गेली असती, आणि ‘कागद कोणी दिला, पैसे कोणी घेतले’ या प्रश्नांची उत्तरे घटना ताजी असतानाच फाइलवर आली असती. सुनावणी ही लाभार्थ्याला दिलेली सवलत आहे असे अनेक कार्यालयांत मानले जाते. तीच सुनावणी खात्याच्या हातातले तपासाचे सर्वांत स्वस्त साधन असते, हे मानले जात नाही.

नोटिशीचा मसुदाही पाहण्यासारखा होता. ‘सात दिवसांत रक्कम चलनाद्वारे शासनजमा करावी, अन्यथा आपल्याविरुद्ध फौजदारी कारवाई करण्यात येईल’ असे त्यात लिहिले होते. चार जणांनी उसनेपासने करून पैसे भरले. आता या ‘अन्यथा’चा अर्थ काय लावायचा? ज्याने पैसे भरले त्याच्यावर गुन्हा दाखल होणार नाही, असे वचन तहसीलदार देऊ शकत नाही, कारण अपहृत रक्कम परत केल्याने गुन्हा पुसला जात नाही. फसवणुकीच्या गुन्ह्यात न्यायालयाच्या परवानगीने तडजोड होऊ शकते, पण बनावट दस्तऐवजाच्या गुन्ह्यात ती मुभा नाही. पुढे या चौघांचीही नावे फिर्यादीत आली आणि बचाव पक्षाला बोलायला जागा मिळाली की शासनाने फौजदारी कायदा वसुलीच्या काठीसारखा वापरला. वसुलीची नोटीस आणि गुन्ह्याची बाब यांची एका कागदावर गाठ घालू नये, हे कोणत्याही सहायक सरकारी अभियोक्त्याने पाच मिनिटांत सांगितले असते. त्याला विचारले गेले नाही.

याहून मोठे नुकसान शांतपणे झाले. अकरा फाइली रेकॉर्डमधून निघून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिल्या. प्रती काढण्यासाठी झेरॉक्स सुटे केले गेले आणि पुन्हा जोडले गेले. फाइलींचे पृष्ठांकन त्यानंतर झाले. ज्या कागदावर अंगठा होता आणि ज्यावर जन्मवर्ष बदललेले होते, तो कागद अर्ज आला त्या दिवसापासून त्याच फाइलमध्ये त्याच ठिकाणी होता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी खात्याची असते. त्यासाठी पहिल्याच दिवशी दोन पंचांसमक्ष पृष्ठांकन, पाकीटबंद जतन आणि आवक नोंदवहीच्या संबंधित पानाची प्रमाणित प्रत एवढेच पुरेसे होते. न्यायालयात उलटतपासणीचा सगळ्यात लांब भाग याच मुद्द्यावर होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

मे महिन्यात पोलीस ठाण्याला पत्र गेले. पत्राच्या शेवटी ‘पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव सविनय सादर’ असे होते. फिर्यादी कोण, याचा उल्लेख नव्हता. कोणाला प्राधिकृत केले होते याचे पत्र नव्हते. सोबत फक्त अकरा नावांची यादी होती. पोलिसांनी ते पत्र ‘अर्ज चौकशी’वर ठेवले. यात ठाण्याचा दोष नाही असे नाही. ‘ललिता कुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार’ या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले आहे की माहितीवरून दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) दिसत असेल तर प्रथम खबर (एफआयआर) नोंदवणे बंधनकारक आहे, आणि प्राथमिक चौकशी करायची असेल तर ती ठरावीक मुदतीत, फक्त दखलपात्र गुन्हा दिसतो का एवढे पाहण्यासाठीच करायची. तपास व खटल्याच्या कार्यपद्धतीचा नवा कायदा असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) ने तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांच्या चौकशीची सोय दिली आहे. परंतु फसवणुकीची शिक्षा सात वर्षांपर्यंत असल्यामुळे ती सोय इथे लागूच होत नव्हती. तरी अर्ज चौकशी सहा महिने चालली. ठाणे कागद मागत राहिले, कार्यालय ‘कागद पाठवले आहेत’ असे कळवत राहिले.

हे कोडे सुटले ते नागपूरच्या पद्धतीने. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते, निराधार योजनांवर प्रश्न येण्याची शक्यता दिसते, मंत्रालयातून माहिती मागवली जाते आणि ‘काय कारवाई केली’ या रकान्यात काहीतरी भरावे लागते. जे सहा महिन्यांत झाले नव्हते ते दोन दिवसांत झाले. नायब तहसीलदारांच्या नावे प्राधिकारपत्र निघाले, फिर्याद टंकलिखित झाली आणि अकरा लाभार्थी व त्यांचे अर्ज भरून देणारा एक दलाल अशा बारा जणांविरुद्ध गुन्हा दाखल झाला. घाईत लिहिलेल्या त्या फिर्यादीत तलाठ्याच्या एकाच तारखेच्या अहवालांचा उल्लेखही राहून गेला. राहून गेला की ठेवला गेला नाही, हे फाइलवरून कळत नाही.

कलमांची माळ

फिर्यादीवर जुन्या भारतीय दंड संहितेची ४२० (फसवणूक), ४६५, ४६७, ४६८ (बनावटीकरणाचे प्रकार), ४७१ (बनावट दस्तऐवज वापरणे) सहकलम ३४ (समान इरादा) ही कलमे लावली होती आणि भारतीय न्याय संहितेची समांतर कलमेही सोबत जोडली होती. पोलीस ठाण्यांत ही माळ तयारच असते. कागद खोटा म्हटला की ती गळ्यात पडते. प्रत्येक मणी तपासून पाहणे आवश्यक आहे.

पहिला प्रश्न कोणत्या कायद्याचा. अर्ज ऑगस्ट २०२३ चा आणि मंजुरी ऑक्टोबर २०२३ ची. नवी न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. म्हणजे अर्ज व मंजुरीपुरता गुन्हा जुन्या दंड संहितेखालीच येतो, मात्र गुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये नोंदला असल्याने तपासाची पद्धत नव्या नागरिक सुरक्षा संहितेची राहील. नवी कलमे फक्त त्या कृतींना लागतील ज्या जुलै २०२४ नंतर स्वतंत्रपणे घडल्या, उदाहरणार्थ पुढच्या हयातीच्या दाखल्यासोबत तीच झेरॉक्स कोणी पुन्हा जोडली असेल तर. अकरापैकी दोन फाइलींत तसे झाले होते. उरलेल्या नऊ फाइलींना नवी कलमे लावण्याला आधार नव्हता.

दुसरा प्रश्न ४६७ चा. हे कलम मौल्यवान रोखा, मृत्युपत्र अशा दस्तऐवजांच्या बनावटीकरणासाठी आहे आणि त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. आधार कार्डाची झेरॉक्स कोणताही हक्क निर्माण करत नाही. ती ओळखीचा व वयाचा कागद म्हणून जोडलेली आहे. मग हे कलम का लागते? त्याचे व्यावहारिक कारण असे की सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत ‘अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य’ या २०१४ च्या निकालानुसार अटकेची गरज लेखी कारणांनी दाखवावी लागते आणि एरवी हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. जन्मठेपेचे कलम आले की हा अडसर सैल होतो. दोषारोपपत्रासाठी आरोपीला कोठडीत ठेवण्याची कमाल मुदतही साठ दिवसांवरून नव्वद होते. शिवाय ४६७ असताना आरोपीला गुन्हा कबूल करून शिक्षेबाबत सौदा करण्याची प्रक्रिया मिळत नाही, कारण ती सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांपुरतीच आहे. म्हणजे एका अस्थानी कलमाने अटक, जामीन आणि तडजोड या तिन्ही गोष्टींची दिशा बदलते. साठीच्या आतल्या, अंगठा उठवणाऱ्या बाईला दोन दिवस कोठडीत ठेवले गेले ते याच बळावर.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आणि मला वाटते सर्वांत दुर्लक्षित. खोटे बोलणारा प्रत्येक कागद ‘बनावट’ नसतो. ‘मोहम्मद इब्राहिम विरुद्ध बिहार राज्य’ या २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की एखाद्याने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने केलेल्या दस्तऐवजात खोटे विधान केले, एवढ्यानेच तो ‘खोटा दस्तऐवज तयार करणे’ या व्याख्येत बसत नाही. दुसऱ्या कोणी केला आहे असे भासवणे, अधिकाराशिवाय फेरफार करणे किंवा फसवून सही घेणे यांपैकी काहीतरी लागते. आता फाइलमधले तीन कागद समोर ठेवू. आधारची झेरॉक्स फेरफार केलेली आहे, ती निःसंशय बनावट. वय ६७ असल्याचे स्वयंघोषणापत्र लाभार्थ्याचेच आहे. ते खोटे आहे पण बनावट नाही. उत्पन्नाचा दाखला तर सक्षम अधिकाऱ्यानेच दिलेला आहे. त्यातील आकडा अविश्वसनीय असेल, पण कागद अस्सल आहे. फिर्यादीत मात्र तिन्ही कागदांना एकाच वाक्यात ‘बनावट व खोटे दस्तऐवज’ म्हटले होते. याचा परिणाम असा की दाखल्याच्या मुद्द्यावर दोषमुक्तीचा अर्ज आला तेव्हा सरकार पक्षाला आधी स्वतःच्याच फिर्यादीपासून अंतर राखावे लागले.

खोट्या स्वयंघोषणापत्रासाठी कायद्यात जागा आहे: लोकसेवकाला खोटी माहिती देऊन त्याच्याकडून एखादी कृती करवून घेणे, म्हणजे जुने कलम १८२. पण तिथे न्यायालय पोलिसांच्या दोषारोपपत्रावर दखल घेत नाही. संबंधित लोकसेवकाने किंवा त्याच्या वरिष्ठाने स्वतः लेखी तक्रार द्यावी लागते. या गुन्ह्याची शिक्षा सहा महिन्यांपर्यंत असल्याने दखल घेण्याची मुदत एक वर्ष, आणि ती गुन्हा कळल्यापासून, म्हणजे इथे मार्च २०२५ पासून मोजली जाणार. नऊ महिने कार्यालयीन पत्रव्यवहारात गेले होते. उरलेल्या तीन महिन्यांतही तक्रार दिली गेली नाही, कारण ‘गुन्हा दाखल झाला आहे’ एवढ्यावर फाइल बंद मानली गेली. बहुतेक लाभार्थ्यांच्या बाबतीत नेमके हेच एक कलम चपखल बसणारे होते.

आरोपी की साक्षीदार

तपासी अंमलदारापुढे मूळ प्रश्न होता तो झेरॉक्सवर वर्ष कोणी बदलले हा. हस्ताक्षरतज्ज्ञाचा अहवाल अर्जावरच्या मजकुराबद्दल दलालाशी साम्य सांगतो, पण छापील अंक बदललेल्या झेरॉक्सबद्दल हस्ताक्षरतज्ज्ञ काय सांगणार? दलालाच्या घरी सापडलेला संगणक जप्त झाला, जप्तीचे चित्रीकरणही झाले. त्यातील फाइली पुराव्यात आणायच्या तर नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या ‘अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल’ या २०२० च्या निकालाने अशा प्रमाणपत्राची सक्ती पक्की केली, तेव्हा ती जुन्या कायद्याच्या कलम ६५ब ची होती. नव्या कलमाने तज्ज्ञाचा भागही त्यात जोडला आहे. हे काम तपासात नीट झाले, हे नमूद करायला हवे.

बचावाचा अपेक्षित पवित्रा असा होता की २०२३ मध्ये आधारवरच १९५६ होते आणि नंतर कोणीतरी दुरुस्ती करून १९६७ केले. तो खोडायचा तर आधारमधील दुरुस्त्यांचा इतिहास हवा. पोलिसांनी आधार प्राधिकरणाला पत्र पाठवून तो मागितला आणि अर्थातच नकार मिळाला. आधार कायद्याच्या कलम ३३ नुसार अशी माहिती उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या आदेशानेच उघड करता येते, तीही प्राधिकरणाला आणि संबंधित व्यक्तीला ऐकून घेतल्यावर. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी हा अधिकार जिल्हा न्यायाधीशाला होता. नागपूर खंडपीठ सिव्हिल लाईन्समध्येच आहे म्हणून काम सोपे होत नाही. अकरा व्यक्तींसाठी अर्ज, नोटिसा आणि सुनावणी आली.

दुसरा मार्ग अगदी सरळ होता. आधारधारक स्वतःच आपल्या दुरुस्त्यांचा इतिहास काढून देऊ शकतो. पण तो साक्षीदार असेल तर. आरोपी असेल तर संविधानाच्या अनुच्छेद २०(३) चे संरक्षण त्याच्या पाठीशी आहे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. अकराही जणांना सरसकट आरोपी केल्यामुळे सरकार पक्षाने आपले अकरा सर्वोत्तम साक्षीदार गमावले. अर्ज भरायला कोणी सांगितले, दोन हजार रुपये आणि पहिल्या तीन महिन्यांचे पैसे कोणी घेतले, आधार कार्ड दोन दिवस कोणाकडे होते, हे सांगू शकणारी माणसे आता सांगायला बांधील नव्हती, आणि पोलिसांपुढे त्यांनी जे कबूल केले ते पुराव्यात चालणारे नव्हते.

सगळेच निष्पाप होते असे सुचवायचे नाही. अकरापैकी एक गृहस्थ निवृत्त वाहनचालक होते, दहावीपर्यंत शिकलेले, स्वतःच्या शाळेच्या दाखल्यावरची तारीख ठाऊक असलेले, आणि त्यांच्याच मोबाइलवरून दलालाला आपल्या मेव्हण्याच्या आधारचे छायाचित्र गेले होते. ते साक्षीदार होऊ शकत नव्हते आणि होऊही नयेत. वेगळेपण करायचे ते याच निकषावर: कागदावर काय आहे हे कोणाला माहीत होते, आणि त्यातून स्वतःच्या लाभापलीकडे कोणी काय कमावले. पुढे सहायक सरकारी अभियोक्त्यांच्या सल्ल्याने पाच महिलांचे जबाब दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवून त्यांची नावे आरोपींच्या रकान्यातून वगळण्याचा अहवाल दोषारोपपत्रासोबत दिला गेला. उशिरा झाले, पण झाले. त्या पाचपैकी तिघींनी आधारच्या दुरुस्त्यांचा इतिहास स्वतःहून काढून दिला. त्यात जन्मवर्षाची एकही दुरुस्ती नव्हती.

तलाठ्याचा भाग वेगळाच चालला. नंतर त्याला आरोपी करण्यात आले, पण लोकसेवकाविरुद्ध दखल घेण्यापूर्वी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ खाली मंजुरीचा प्रश्न उभा राहतो. नव्या संहितेत १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असे मानण्याची तरतूद आहे, त्यामुळे फाइल दाबून ठेवण्याची जुनी सोय उरलेली नाही. त्याने पैसे घेतले का, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. विचारला असता तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आला असता, आणि मग समितीपर्यंतचे प्रश्न निघाले असते. एका दिवसात तीन भागांतल्या अकरा घरी ‘प्रत्यक्ष भेट देऊन खात्री केली’ असे लिहिणाऱ्या अहवालांवर समितीने सह्या केल्या होत्या. शिस्त व अपील नियम, १९७९ खालील विभागीय चौकशी सुरू आहे.

ज्या बाईंपासून प्रकरण निघाले त्यांचे

मूळ आधार घेऊन आलेल्या बाई विधवा आहेत. पती जाऊन बारा वर्षे झाली, मुलगा नाही, दोन मुली सासरी आहेत. त्या धुणीभांडी करतात आणि एका खोलीत राहतात. पासष्ट वर्षांखालील निराधार विधवेसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिचीही उत्पन्नमर्यादा २१,००० आणि तिचेही अनुदान १,५०० रुपयेच. म्हणजे बाईंनी खरे वय सांगून दुसऱ्या नमुन्यात अर्ज केला असता, तर त्यांना तेवढीच रक्कम तेवढ्याच महिन्यांसाठी कायदेशीरपणे मिळाली असती. दलालाने त्यांच्याकडून दोन हजार आणि तीन हप्ते घेतले ते ज्याची गरजच नव्हती असा कागद बदलण्यासाठी. एकगठ्ठा वयवाढीचे अर्ज करणे त्याच्या सवयीचे होते. पतीच्या मृत्यूचा दाखला काढून वेगळे प्रकरण तयार करण्याचे कष्ट त्याला नको होते.

शासनाचे नुकसान काय झाले, या प्रश्नाला इथे सरळ उत्तर नाही. फसवणुकीच्या कलमात अप्रामाणिक हेतू लागतो आणि अप्रामाणिकपणाची व्याख्या गैरलाभ किंवा गैरहानीशी बांधलेली आहे. जी रक्कम मिळण्यास ती व्यक्ती अन्य योजनेतून पात्र होती, ती गैरलाभ ठरते का? काटेकोर वाचन केले तर ठरते, कारण त्या योजनेत अर्ज नव्हता, चौकशी नव्हती, मंजुरी नव्हती. पण दोषसिद्धीनंतरच्या शिक्षेच्या टप्प्यावर या तथ्याला वजन आहे. गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ३ मध्ये पूर्वी दोषसिद्धी नसलेल्या व्यक्तीला ताकीद देऊन सोडण्यासाठी ज्या गुन्ह्यांची नावे दिली आहेत त्यात कलम ४२० आहे. बाई आता साक्षीदार असल्याने ती वेळ येणार नाही, पण अशाच परिस्थितीतली आणखी एक महिला आरोपींमध्ये कायम आहे आणि तिच्या वकिलाने हा मुद्दा नोंदवून ठेवला आहे.

न्यायालयाने ४६७ वगळले. दलाल आणि निवृत्त वाहनचालक यांच्यावर ४२०, ४६८, ४७१ सहकलम ३४ चे आरोप निश्चित झाले. उरलेल्या पाच लाभार्थ्यांवर ४२० आणि ४७१ चे. उत्पन्नाच्या दाखल्यांबाबत आरोप ठेवला गेला नाही. वाहनचालकाने शिक्षेबाबत सौद्यासाठी अर्ज केला आहे. तो मान्य झाल्यास दलालाविरुद्ध त्याची साक्ष मिळेल का, यावर सरकार पक्ष आणि त्याचे वकील यांच्यात बोलणे सुरू आहे.

बाईंनी संजय गांधी योजनेसाठी नवा अर्ज केला. लिपिकाने त्यावर ‘अर्जदारावर फौजदारी प्रकरण प्रलंबित, निर्णयास्तव सादर’ असा शेरा मारला. योजनेच्या पात्रतेत अशी कोणतीही आडकाठी नाही. उलट तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या कैद्याची पत्नीही या योजनेखाली पात्र धरली जाते. तहसीलदारांनी शेरा खोडून प्रकरण समितीपुढे ठेवले आणि ते मंजूर झाले. नवे अनुदान मंजुरीच्या पुढच्या काळासाठीच असते, मागील सतरा महिन्यांसाठी नाही, म्हणून जुन्या २५,५०० रुपयांची वसुली कायम राहिली. ती दरमहा ५०० रुपयांप्रमाणे अनुदानातून कापावी, असा प्रस्ताव कार्यालयाने तयार केला, आणि निराधाराच्या अनुदानातून अशी कपात करता येते का, याबद्दल जिल्हाधिकारी कार्यालयाकडे मार्गदर्शन मागवले आहे.